नववा आवाज

माधवी : माणसं आठ. कोर्टाच्या सीनमध्ये सगळे एकदम स्टेजवर असतात, म्हणून तोच घेतला. आठच आहेत. पण या व्हिडिओत आवाज नऊ येतात.

रफीक : परत मोज बेटा. पब्लिकमधला असंल कोणी.

माधवी : तीनदा मोजले. पब्लिकमधला माणूस कुठेही मधातच ओरडतो. हा दर वाक्याच्या आधी येतो. आधी हा बोलतो, मग तेच वाक्य नूतनताई बोलते.

रफीक : मग तो प्रॉम्प्टर झाला! तुझा बाप! हरिदासभाऊनं स्टेजसमोरच्या खड्ड्यातून वाक्य फेकल्याबिगर आपल्या झाडीपट्टीत कोणता हिरो तोंड उघडते? आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत. पाठांतराले टाइम कोणाजवळ आहे यार?

माधवी : मलाही माहीत आहे, रफीकभाऊ. पेटी, तबला आणि बाबा, तिघांच्या मधात त्या खड्ड्यात झोपून मी मोठी झाले. माझा प्रश्न वेगळा आहे. हा आवाज इतका साफ कसा आला?

रफीक : मले कायले विचारते? ज्यानं नाटक चोरलं त्याले विचार.

माधवी : कंपनीच्या मालकीण सत्यशीलाबाईंचं म्हणणं आहे, तुम्हीच चोरलं.

रफीक : बाईंचं म्हणणं! ते आता सगळ्या मूल गावचं म्हणणं झालं. सकाळपासून दोन कंपन्यांचे फोन आले. ‘रफीक, या सीझनले कॅमेरा घेऊन येऊ नको.’ माझी शिरीन शाळेतून रडत आली. पोरी म्हणतात, तुझे अब्बू नाटकचोर. इतके वर्षं झाले लग्न, मंडईची जत्रा, नाटक शूट करून राह्यलो. एकाची क्लिप दुसऱ्याले दिली असंल तं दाखव.

माधवी : बाई आज पाच वाजता ठाण्यात जाणार आहेत. तक्रार लिहून तयार आहे, तुमच्या नावानं. मी म्हटलं, त्याच्याआधी मला एकदा व्हिडिओ तपासू द्या.

रफीक : अन् बाई हो म्हणाल्या?

माधवी : म्हणाल्या, तपास. चोर तोच निघंल.

रफीक : वा! म्हणजे फाशी ठरली, फक्त गळ्याचं माप घ्याले तुले पाठवलं.

माधवी : तीन गावांनी नाटक बदलून मागितलं आहे, रफीकभाऊ. ‘बहिणीचं नाव सातबाऱ्यावर’ नको म्हणतात, आमच्या लोकांनी मोबाइलवर पाहिलं. सीझन आत्ता सुरू झाला. हेच एक नवीन नाटक आहे कंपनीकडे. ते बंद पडलं तर पन्नास माणसं घरी बसतात. बाई चिडणार नाहीत तर काय? थांबा, जाहिरात आली.

रफीक : येऊ दे. दर सात-आठ मिनटाले येते. ज्यानं हे चॅनेलवर टाकलं तो निकेश इथूनच तं कमावते, अन् कोणं दिलं ते सांगत नाई. कलाकार रात्रभर घसा फाडणार अन् पैसा त्याच्या खात्यात.

माधवी : कुठे आली बघा. ‘मले वाटणी नको दादा’, आणि पुढे केसाचं तेल.

रफीक : हसू नको.

माधवी : हसत नाही. मंडईच्या रात्री तुम्ही किती कॅमेरे लावले होते?

रफीक : दोन. मोठा मागं, मचाणावर. अन् माझा जुना फोन समोर, बांबूले बांधला. गावच्या मंडळाले पाहुण्यांचा सत्कार पाहिजे होता जवळून. नाटक नाई. पडदा उघडला का शूटिंग बंद, ही बाईंची अट मले माहीत आहे.

माधवी : समोरचा बांबू म्हणजे कोणता? डावा की उजवा?

रफीक : उजवा. नटाच्या उजव्या हाताले, तबल्याच्या बाजूचा.

माधवी : हा व्हिडिओ बघा. खालून घेतला आहे. खड्ड्याच्या काठाची माती दिसते. म्हणजे मचाणावरून नाही.

रफीक : नाई.

माधवी : आणि उजवीकडून घेतला आहे. नूतनताईचा उजवा गाल दिसतो पूर्ण, डावा अर्धाच.

रफीक : हो. दिसते खरं.

माधवी : फोन बंद केव्हा केला, रफीकभाऊ?

रफीक : केला ना.

माधवी : केव्हा?

रफीक : पहिला प्रवेश संपल्यावर. अरे, सत्कारात सरपंचाचं भाषण लांबलं, मी मचाणावर होतो, पडदा उघडून गेला, खाली उतरून येईपर्यंत नूतनची एंट्री होऊन गेली. राहून गेला चालू. कसम से, एवढंच.

माधवी : हे बाईंना का नाही सांगितलं?

रफीक : सांगतलं असतं तं पाच वाजेपर्यंत थांबल्या असत्या का त्या?

माधवी : ती फाइल आहे?

रफीक : आहे.

माधवी : उघडा.

रफीक : माधवी, तू माझ्या घरी ईदले शेवया खाल्ल्या आहेत.

माधवी : म्हणूनच तर मी आले. नाहीतर थेट ठाण्यातून माणूस आला असता. उघडा.

रफीक : घे. डावीकडे निकेशचा, उजवीकडे माझा. दोन्हीत पहिला प्रवेश लावला. बहीण मंडईसाठी माहेरी येते, तो.

माधवी : शटर अर्धं ओढा. राइस मिलचा आवाज फार येतो.

रफीक : ओढलं. ऐक आता.

माधवी : तुमच्या फाइलमध्ये तबला जोरात आहे. नूतनताईही आहे. बाबांचा आवाज नुसती कुजबुज. शब्द कळत नाही.

रफीक : अन् निकेशच्यात?

माधवी : बाबा सगळ्यात जोरात. नूतनताईपेक्षाही. तबला लांबून येतो.

रफीक : मग झालं ना! दोन्ही एका फोनचे नाईत! सुटलो मी!

माधवी : नाही सुटलात. आवाज वाढवता येतो, कमी करता येतो. तुम्ही रोज तेच करता या कॉम्प्युटरवर. चित्र अजून तुमच्याच बाजूचं आहे.

रफीक : तू पोरगी आहे का पंचनामा?

माधवी : मागे घ्या. अजून मागे. इथे थांबवा. दोन्हीकडे.

रफीक : काय दिसलं?

माधवी : नूतनताईचा पदर. तुमच्या फाइलमध्ये कोणत्या खांद्यावर आहे?

रफीक : डाव्या. सगळ्याच बायांचा असते.

माधवी : आणि निकेशच्या व्हिडिओत?

रफीक : उज… अरे! उजव्या!

माधवी : भावाच्या शर्टाचा खिसाही बघा. उजवीकडे आहे.

रफीक : पलटवला! आरशात दिसते तसा पलटवला व्हिडिओ! ही पोरं करतात असं, यार. उलटा केला का मशीनले लवकर ओळखू येत नाई, चोरी पकडली जात नाई. तो निकेश तं डोळे मिटून सगळंच पलटवत असंल. अन् आमी येडे! इतक्या लोकांनी पाहिलं, सगळे तोंड पाहून राह्यले, पदर कोणीच नाई पाहिला.

माधवी : सुलटा करा.

रफीक : आत्ता करतो. हे घे. झाला सुलटा. पाह्य, आता डावा गाल पूर्ण दिसून राह्यला. डावीकडून घेतला! माझा बांबू उजवा होता! आता तं मानशील? लाव बाईले फोन. सांग, रफीक नाई. डाव्या बाजूले जो कोणी होता… माधवी? काय झालं?

माधवी : काही नाही.

रफीक : डाव्या बाजूले कोण होतं?

माधवी : खड्ड्यात मधे पेटी बसते. उजवीकडे तबला, ऑक्टोपॅड.

रफीक : अन् डावीकडे?

माधवी : डावीकडे एकच माणूस बसतो.

रफीक : …राहू दे बेटा. बंद कर.

माधवी : म्हणून आवाज सगळ्यात जोरात आहे. फोन त्यांच्याजवळच होता.

रफीक : म्हटलं ना, बंद कर. आपण दुसरं काही सांगू बाईंले. पब्लिकमधला कोणी येऊन खड्ड्यात बसला होता म्हणू.

माधवी : पाच वाजता त्या ठाण्यात तुमचं नाव देतील.

रफीक : ते मी पाहून घेईन. थांब, शटर वाजलं. कोण आहे? अरे… जय भीम, हरिदासभाऊ. या.

हरिदास : जय भीम, रफीक. भर दुपारी शटर अर्धं कायले ओढलं, बाप्पा? सूतक पडलं का दुकानात? माधवी, तू इथी आहे म्हणून सांगतलं तुझ्या मायनं. चाल, जेवाचं राह्यलं.

माधवी : बसा बाबा.

हरिदास : बसाले टाइम नाई. पाचले बाईंसंग ठाण्यात जा लागते. साक्षीदार पाहिजे म्हणे.

माधवी : कशाचे साक्षीदार?

हरिदास : नाटक चोरीले गेलं, याचे.

माधवी : रफीकभाऊंनी चोरलं, असं सांगणार तुम्ही?

हरिदास : मी कोणाचं नाव नाई घेत. मी म्हणीन, चोरीले गेलं. बस.

माधवी : हा व्हिडिओ बघा. यात तुमचा आवाज ऐका.

हरिदास : माझा आवाज सगळ्याच नाटकात असते.

माधवी : इतका? डावीकडून घेतला आहे, बाबा. खालून. तुमच्या वाचायच्या दिव्याच्या उंचीवरून. त्या दिव्याला फोन टेकवला होता, हो ना?

रफीक : माधवी, बापाशी अशी बोलते का?

हरिदास : बोलू दे, रफीक. तिले मीच शिकवलं. लहान होती तं विचारे, चांदणी किती दूर आहे. मी म्हणो, मोजून पाह्य. आता मोजलं तिनं.

माधवी : का दिला तुम्ही निकेशला?

हरिदास : एक सांगू? मले वाटलं होतं, मी सापडणार नाई. आयुष्यभर त्या खड्ड्यात बोलत आलो. हिरोचं मीच बोललो, व्हिलनचं मीच बोललो, नवरीच्या रडण्याआधी मीच रडलो. हजारो माणूस समोर बसून राहे, कोणाले माझा आवाज नाई आला. मले वाटलं, फोनलेही नाई येणार.

माधवी : का दिला, ते विचारलं.

हरिदास : तुले ठाऊक आहे.

रफीक : मले नाई ठाऊक. अन् तक्रार माझ्या नावानं होऊन राह्यली, तं मलेही सांगा ना भाऊ.

माधवी : हे नाटक बाबांनी लिहिलं आहे, रफीकभाऊ.

रफीक : पण पोस्टरवर तं बाईंच्या नवऱ्याचं, श्रावणभाऊंचं नाव आहे. ‘लेखक, कैलासवासी…’

माधवी : श्रावणभाऊंना जाऊन तीन वर्षं झाली.

रफीक : तेच म्हणो मी! म्हटलं, माणूस मानला पाहिजे, वर जाऊनही दरसाल नवीन नाटक पाठवते. मले वाटे, लिहून ठेवले असतील पेटीत.

हरिदास : एक होतं, अर्धवट. ते मी पुरं केलं. मित्र होता माझा. बाई म्हणाल्या, हरिदासभाऊ, लोक त्यांच्या नावानं बुकिंग करतात, नाव त्यांचंच राहू द्या. मी म्हटलं, राहू द्या. नवरा गेलेली बाई, कंपनी अंगावर. पुढच्या सालचं अख्खं माझं. बाई म्हणाल्या, एवढ्या साली त्यांचंच नाव राहू द्या. मंग हे तिसरं.

माधवी : मी टाइप केलं होतं. पहिल्या पानावर ‘लेखक : हरिदास दहिवले’ टाकलं होतं. पान परत आलं तर त्या ओळीवर पांढरी पट्टी.

हरिदास : मी काई नाई बोललो.

माधवी : तेव्हाच बोलायचं होतं, बाबा. बाईंसमोर. तोंडावर. चोरून दिव्याला फोन टेकवून नाही.

हरिदास : मले दुसऱ्याचं वाक्य बोलता येते, पोरी. सोताचं नाई येत.

रफीक : निकेशनं पैसे देतो म्हटलं होतं काय भाऊ? जाहिरातीचे?

हरिदास : थू! त्या पोराचा चहाही नाई घेतला. फक्त म्हटलं, खाली माझं नाव टाक. नाव टाकशील तं टाक, नाई तं नको टाकू. म्हणाला, हो काका. माझ्या फोनमधे ते दिसत नाई, बारीक राहते. तू पाह्य ना माधवी, खाली कुठी लिवलं असंल.

माधवी : पाहिलं.

हरिदास : काय लिवलं?

माधवी : ‘लाइक करा, शेअर करा, घंटी दाबा.’

हरिदास : अन् त्याच्या खाली?

माधवी : त्याच्या खाली काहीच नाही, बाबा.

रफीक : पाणी घ्या भाऊ.

हरिदास : किती वाजले?

रफीक : साडेतीन.

हरिदास : माझा फोन दे माधवी. बाईंचा नंबर लावून दे.

माधवी : काय सांगणार?

हरिदास : लाव तं… हॅलो, बाई? हरिदास बोलतो जी. ठाण्यात जाऊ नका. रफीकनं नाई केलं… नाई जी, कोणी दबाव नाई टाकला. मले माहीत आहे कोणं केलं… मी. हो, मी हरिदास… बाई, ऐका तं… ऐका… मी इतके वर्षं तुमचं ऐकलं, आज एक मिनिट माझं ऐका. चोरी केली, चुकलं माझं. गावं तुटले, ते पाप माझ्या माथी. पण नाटक माझं होतं… तुमाले माहीत आहे. पांढरी पट्टी तुमीच लावली… श्रावणभाऊंचं नाव नका घेऊ, ते असते तं त्यांनी… हॅलो? बाई?

रफीक : कटला?

हरिदास : कापला.

माधवी : काय म्हणाल्या?

हरिदास : ठाण्यात नाई जात म्हणाल्या. रफीकले म्हणाव, मचाण बांधून ठेव. अन् मले म्हणाल्या, उद्यापासून खड्ड्यात दिसू नको.

रफीक : या अल्ला. भाऊ, मी येतो ना बाईंकडे. हात जोडतो.

हरिदास : तुले चोर म्हटलं त्यांनी, अन् तू माझ्यासाठी हात जोडणार? बस चूप. माधवी, ते काढून टाकता येते का? गावं वाचले पाहिजे. नूतनचं लेकरू लहान आहे.

माधवी : येतं. कॉपीराइटचा दावा टाकावा लागतो. मी आज कंपनीच्या नावानंच टाकणार होते. पण त्यात शपथेवर लिहून द्यावं लागतं की दावा करणारा मूळ मालक आहे. कंपनीजवळ नाटक दिल्याचा तुमच्या सहीचा एकही कागद नाही. नाटक ज्यानं लिहिलं, त्याचंच नाव टाकावं लागेल.

हरिदास : मंग श्रावणभाऊंचं टाक.

माधवी : बाबा!

हरिदास : जिभेले सवय पडली, पोरी.

माधवी : निकेश म्हणेल, काकांनी स्वतःच दिला. तुम्ही त्याला काय म्हटलं होतं? जसंच्या तसं सांगा.

हरिदास : ‘नाव टाकशील तं टाक, नाई तं नको टाकू.’

माधवी : त्यानं नाव टाकलं नाही. म्हणजे परवानगीही नाही. पूर्ण नाव सांगा.

हरिदास : हरिदास दहिवले.

माधवी : पूर्ण. आधार कार्डावर आहे तसं.

हरिदास : हरिदास सोनबा दहिवले.

माधवी : सही म्हणून तुम्हीच टाइप करायचं. मी नाही करणार.

हरिदास : कुठी दाबू? ह… ‘ह’ कुठी आहे? रफीक, तू सांगत जा. मी टाकतो.

रफीक : आज मी प्रॉम्प्टर! घ्या भाऊ. खालच्या लाइनीत, डावीकडे.

(चार दिवसांनी, त्याच दुकानात.)

रफीक : काल सावली गावाकडं होतो मी, भाऊ. तुमच्याच नाटकाले. बाईंनी सोता बोलावलं. सॉरी नाई म्हटलं, पण पोह्याची प्लेट सोता आणून दिली.

हरिदास : खड्ड्यात कोण बसलं होतं?

रफीक : आयुष नावाचा पोरगा, बाईंचा भाचा. कॉलेजवाला. कोर्टाच्या सीनमधे त्याचं पानच सरकलं खाली-वर. नूतन उभी. इकडं पाहते, तिकडं पाहते. सगळं गाव चूप. मले मचाणावर घाम फुटला.

हरिदास : मंग?

रफीक : मंग समोरच्या लाइनीतून एक म्हातारी बोलली. बसल्याबसल्या. ‘मले वाटणी नको दादा, मी इथी जन्मली एवढं लिवून ठेव.’

माधवी : म्हातारीला कसं माहीत?

रफीक : मोबाइलवर पाहून पाहून पाठ! नूतननं तिथून उचललं, अन् मंग काय सांगू, टाळ्या.

हरिदास : म्हातारी बरोबर बोलली?

रफीक : एक शब्द इकडचा तिकडं नाई.

हरिदास : ‘दादा’ म्हटल्यावर थांबली होती का थोडं? तिथी थांबा लागते.

रफीक : थांबली होती भाऊ.

हरिदास : बरं.

माधवी : बाबा, मेल आला.

हरिदास : कोणाचा? बाईंचा?

माधवी : नाही. दाव्याचा. मंजूर झाला. थांबा, निकेशच्या चॅनेलवर जाऊन बघते. उघडतंय.

रफीक : गेला का? अरे, पूर्ण काळा झाला पडदा.

हरिदास : काई लिवलं आहे का त्याच्यावर? माझा चष्मा घरी राह्यला.

माधवी : ‘हा व्हिडिओ उपलब्ध नाही. हरिदास सोनबा दहिवले यांनी केलेल्या कॉपीराइटच्या दाव्यामुळे तो काढून टाकला आहे.’

हरिदास : हे आपल्याच फोनमधे दिसते का?

रफीक : जो जो उघडंल त्याले दिसते, भाऊ. तीन गावात, सगळ्या गावात.

हरिदास : अजून काय दिसते? तू मोजत राहते ना. नीट मोजून सांग.

माधवी : माणसं शून्य. आवाज शून्य. नाव एक.